उजवा पाय रद्द, डावा पाय मंजूर

चि. बुटकीस,

ताईचे पोटभर आशीर्वाद. (साठ वर्षांपूर्वीच तू माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालीस, पण नाव पडलं ते पडलं. आता मेल्याशिवाय काही ते सुटत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? लेक वेळेवर घरी येतो का? सून बोलते का, की अजून नुसती भांडीच आपटते? आणि तुझ्या दारातल्या गुलाबाचं पुढे काय झालं? सगळं सविस्तर कळव. बाकीचं राहिलं तर राहू दे, गुलाबाचं विसरू नकोस. आमच्याकडे सगळे खुशाल. हे खुशाल, मुलगा खुशाल, सूनबाई माझ्यावर रागावलेली आहे म्हणजे तीही खुशालच, आणि माझं तर विचारूच नकोस.

अक्षर बघून ओळखलं असशीलच. बुटके, हे पत्र मी स्वतःच्या डोळ्याने लिहिते आहे! डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज अठरा दिवस झाले. दोन वर्षं मी सगळं जग दुधाच्या पातेल्यातून बघत होते, आता कोणीतरी दूध ओतून दिलं आणि पातेलं घासून पुसून ठेवलं. काय काय दिसतं म्हणून सांगू! भिंतीला तडा गेलेला दिसतो. सूनबाईला चष्मा आहे हे दिसतं (दोन वर्षांपासून आहे म्हणे). ह्यांच्या कानात केस आहेत. माझ्या हातावर एवढ्या सुरकुत्या कोणी केल्या, हे अजून कळलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दिवसाला अर्धंच पान लिहायची परवानगी दिली आहे, त्यामुळे हे पत्र बऱ्याच दिवसांचं आहे. मध्येच सूर बदललेला वाटला तर त्या दिवशी सूनबाईशी काहीतरी झालेलं असणार, तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुला ठाऊकच आहे, डोळा गेल्यापासून तुझी पत्रं सूनबाई मला वाचून दाखवायची. वाचते चांगली, पण बातम्या सांगितल्यासारखी. आणि तूही शहाणी, ती वाचणार म्हटल्यावर 'इकडे सर्व क्षेम' असलं काहीबाही लिहायला लागलीस. दोन वर्षांत आपल्या दोघींमध्ये एक चहाडी झाली नाही, ग! मला देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं. नातवंडांची तोंडं आवाजावरून कळतात, भाजीतला खडा दाताला कळतो. पण तुझं पत्र मला माझं मला वाचायचं होतं. डोळा हवा होता तो त्यासाठी.

आता डोळ्याच्या आड काय आलं, तर रक्तदाब. तुला वाटेल, डोळा कुठे आणि दाब कुठे! मलाही तसंच वाटलं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की दाब खाली आल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही. तरी आपण गेलो की ठरल्या तारखेला. मला हिरवा गाऊन घातला, डाव्या भुवईवर शाईने फुली मारली (घाईत उजवा डोळा कापू नये म्हणून. म्हणजे पूर्वी कापला असणार), टेबलावर आडवी केली आणि नर्सने दंडाला पट्टा गुंडाळला. एकशे नव्वद. नर्स म्हणाली, शांत राहा आजी. पोरगी गाडी ढकलत आली, ती म्हणाली, शांत राहा. भूल देणारे आले, ते म्हणाले, अगदी शांत राहायचं. बुटके, पाच जणांनी शांत राहा म्हटल्यावर सहाव्याला माणूस चावायला उठतो. अर्ध्या तासाने मोजलं तर एकशे शहाण्णव. झालं. माझ्या कागदांवर जांभळा शिक्का बसला, 'रद्द', आणि मी भुवईवर फुली घेऊन घरी.

ह्यांचं काय सांगू! बायको टेबलावरून परत आली तर माणूस बायकोकडे बघेल ना? हे कागदाकडे बघत होते. तो शिक्का ह्यांच्याच हातचा निघाला. सतरा वर्षांपूर्वी त्या दवाखान्याला करून दिलेला. अजून कडा कशा शाबूत आहेत, शाई कशी सारखी बसते, हे रिक्षात बसेपर्यंत सांगत होते. मी म्हटलं, अहो, रद्द मी झाले आहे. तर म्हणाले, हो, पण स्वच्छ झालीस.

(ह्यांच्या धंद्याचं तुला सांगायला नको, पण तुझ्या सुनेने पत्र वाचलंच तर तिला कळावं म्हणून लिहिते. ह्यांनी पन्नास वर्षं रबरी शिक्के केले. शिक्का कोरायचा तो उलटा कोरावा लागतो, तेव्हा तो कागदावर सुलटा उमटतो. पन्नास वर्षं रोज दहा तास उलटं बघितल्यावर माणसाचं जे व्हायचं तेच ह्यांचं झालं आहे. स्वेटर उलटा घालतात. उजवीकडे वळा म्हटलं की डावीकडे वळतात आणि रस्त्यालाच दोष देतात. दुकान मुलाला देऊन सहा वर्षं झाली, तरी आरशात बघून दाढी करताना काही अडत नाही आणि आरसा नसला की गाल कापून घेतात.)

दुसऱ्या तारखेला हे दाराबाहेर उभे राहिले आणि मला धीर म्हणून आत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, 'घाबरू नकोस, फार तर काय होईल?' दोनशे चार. पुन्हा शिक्का. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं की आजी, आता तिसरी आणि शेवटची तारीख. तीन आठवडे आहेत. तीही हुकली तर नाव यादीच्या शेपटाला जाईल, नंबर यायला आठ महिने, आणि तोवर मोतीबिंदू असा टणक होईल की मग काढणंही कठीण. बुटके, मी घरी आले आणि खुंटीवर टांगलेल्या कोटाला विचारलं की चहा घेणार का. आठ महिन्यांनी माझी काय दशा झाली असती, तूच सांग.

घरात पंचायत बसली. सूनबाईचं म्हणणं, गोळी ती रोज सकाळी स्वतः माझ्या हातावर ठेवते, पाकिटं रिकामी होतात, मग दाब कसा भरलेला? दाबाचे डॉक्टर म्हणाले, गोळी दुप्पट करू. दुप्पट केली. त्याने दाबाला काही झालं नाही. (त्यातच सूनबाईच्या लाडक्या झाडाने मान टाकली. तिने मोरीजवळच्या खिडकीत एक मोठ्या पानांचं झाड कुंडीत लावलं आहे. चार वर्षं ते रडतखडत होतंच, पण त्या आठवड्यात पार आडवं झालं. तिने माती बदलली, कुंडी बदलली, झाडाशी बोलून पाहिलं. माझ्याशी बोलत नाही तेवढं झाडाशी बोलली. मी म्हटलं जाऊ दे, लिहिण्याच्या ओघात आलं म्हणून सांगितलं.)

तेव्हा दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या एका बाईने दाबदादांचं नाव सुचवलं. नाव मी ठेवलंय, त्यांच्या पाटीवर 'अॅक्युप्रेशर' असं लिहिलं आहे. म्हणजे अंगावर ठरावीक जागा असतात, त्यांना बिंदू म्हणतात, ते अंगठ्याने दाबले की आतले व्यवहार सुरळीत होतात. दाबदादा आधी सोफे दुरुस्त करायचे. स्प्रिंग कुठे बसली आहे ते दाबून बघता बघता माणसांकडे वळले. अंगठे असे, की दाराला लावले तर कडी नको. पण माणूस सज्जन. पहिल्याच भेटीत म्हणाले, आजी, गोळी बंद करायची नाही. गोळी आतून, मी बाहेरून. मी एकटा काही करू शकत नाही, आणि जो म्हणेल मी एकटा करतो, त्याला घरात घेऊ नका. मला हे बोलणं आवडलं. मग त्यांनी माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात दाबलं आणि मला जिवंतपणी आपले आईवडील दिसले.

दुखलं की दाबदादा खूश व्हायचे. म्हणायचे, दुखलं ना? म्हणजे बिंदू सापडला. मी म्हटलं, दादा, ह्या वयात बिंदू शोधायला लागत नाहीत, बिंदू नसलेली जागा शोधावी लागते. तीन वेळा घरी आले. तिन्ही वेळा मी अशी किंचाळले की तिसऱ्या वेळी वरच्या मजल्यावरचे मास्तर छत्री घेऊन खाली आले, ह्यांना मारायला. ह्यांनी बिंदू वगैरे समजावून सांगितलं, तर मास्तर म्हणाले, ह्या वयात तरी सोडा बिचारीला. अजून जिन्यात ह्यांच्याकडे बघत नाहीत.

त्याच दिवशी सूनबाई दाबदादांना टोमणा मारायला गेली. एवढे बिंदू कळतात, तर ह्या झाडाला एखादा सापडतो का बघा, म्हणाली. दाबदादांना टोमणा कळत नाही. ते कुंडीपुढे उकिडवे बसले, डोळे मिटले, दोन बोटांत देठ धरून बराच वेळ स्वस्थ राहिले आणि म्हणाले, ह्याचा दाब फारच कमी आहे. सूनबाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी नाही हसले. मला त्या दिवशी जरा बरं वाटत नव्हतं.

जाताना दादांनी एक तक्ता दिला. दोन पावलांचं चित्र, त्यावर कुठे हृदय, कुठे यकृत, कुठे डोकं असे ठिपके. हे बिंदू मलाच दाबता आले तर किंचाळणं आपलं आपल्यात राहील, असा त्यांचा विचार. पण मला वाकता येत नाही, आणि वाकले तर उठता येत नाही. तेव्हा हे म्हणाले, तिला पायाजवळ जायला नको, मीच बिंदू पायाखाली आणतो. एक फळी करायची, तिच्यावर नेमक्या जागी खुंट्या, आणि त्यावर उभं राहायचं. आपोआप दाबलं जाईल. बुटके, सहा वर्षं हा माणूस खुर्चीत बसून पेपर उघडझाप करत होता. त्या दिवशी जो उठला तो आठ दिवस खाली बसला नाही.

खुंट्या कुठून आणल्या असतील? न नेलेले शिक्के! लोक शिक्का करायला टाकतात आणि न्यायला येत नाहीत, असे दोन डबे भरून होते. नुसतं लाकूड माझ्या तळव्यांना टोचेल म्हणून ह्यांनी त्यांच्या मुठी कापून फळीत ठोकल्या आणि रबराची बाजू वर ठेवली. माया बघ. अकरा शिक्के. टाचेखाली 'पोहोचले', बोटांखाली 'तातडीचे', 'खरी प्रत', 'कोरे सोडू नये' असे किरकोळ, आणि मधोमध दोन मोठे. हृदयाच्या बिंदूवर 'रद्द' लावला, कारण दाब रद्द करायचा आहे. यकृतावर 'मंजूर', कारण यकृताशी आपलं भांडण नाही. तयार फळी बघून सूनबाई म्हणाली, बाबा, हृदय डावीकडे असतं ना? तुमचा 'रद्द' उजव्या पायाखाली आलाय. हे म्हणाले, बाळ, छाप उमटला की बरोबर डावीकडे येतं. पन्नास वर्षांच्या कारागिराला कोण काय बोलणार?

मग रोजचा नेम सुरू झाला. सकाळी आंघोळ झाली की ओल्या पायांनी मी फळीवर. फळी न्हाणीघराबाहेरच्या भिंतीशी. भिंतीला ह्यांनी दांडा ठोकलेला, तो एका हाताने घट्ट धरायचा. मी चढले की हे हातात भांडं आणि गोळी घेऊन पुढ्यात उभे. दाबदादांनी सांगितलं होतं ना, गोळी आतून, दाब बाहेरून, म्हणजे दोन्ही एकदमच व्हायला हवं, असा ह्यांनी अर्थ लावला. गोळी गिळली, आ केला, ह्यांनी आत बघितलं, की घड्याळ लावायचे. दहा मिनिटं. मध्ये उतरायचं नाही. आणि उतरणार कशी, अकरा खुंट्यांवरून एकटीने उतरणं म्हणजे सर्कस!

फळीची ताकद काय सांगू तुला. दुसऱ्याच दिवशी डोकं हलकं झालं, चक्कर आल्यासारखं वाटलं. चार वर्षं गोळ्या चालू, कधी काही वाटलं नव्हतं, आणि फळीवर चढताच फरक! आठवड्याने डॉक्टरांनी मोजलं तर एकशे बेचाळीस. त्यांनी दोनदा मोजलं, मग स्वतःचा मोजला, आणि दुप्पट केलेली गोळी पुन्हा निम्मी केली. हे फळी दाखवायला घेऊनच गेले होते. डॉक्टरांनी तिच्यावरून हात फिरवला आणि चालू ठेवा म्हणाले. ह्यांची छाती अशी फुगली की वरचं बटण तुटलं.

त्रास एकच झाला. त्या शिक्क्यांत छाप तपासतानाची जुनी शाई मुरलेली. ओला पाय पडला की ती जागी व्हायची आणि तळव्याला लागायची. मग मी स्वयंपाकघरात जाईपर्यंत फरशीवर एक पाऊल रद्द, एक पाऊल मंजूर, एक रद्द, एक मंजूर. मला दिसत नव्हतं, मी आपली आनंदात फिरत होते. सूनबाई मागे फडकं घेऊन. गंमत अशी की तळव्यावर सुलटं उमटलेलं फरशीवर उलटं पडायचं, आणि घरात ते फडाफडा वाचता यायचं फक्त ह्यांना. सकाळी चहा घेत फरशी वाचत बसायचे. म्हणायचे, आज तू दोनदा मोरीकडे गेलीस आणि एकदा कपाटाशी थांबलीस. (कपाटात साखरेचा डबा आहे, म्हणून.)

आणि आली ती तिसरी तारीख. हिरवा गाऊन, भुवईवर फुली, टेबल, पट्टा. बुटके, एकशे अडतीस! नर्सने आनंदाने माझा गालगुच्चा घेतला. मग पायात कापडी मोजे चढवायला ती खाली गेली आणि तिथेच थांबली. मला दिसत काही नव्हतं. तिने विचारलं, आजी, हे कोणी मारलं? मी म्हटलं, कोणी नाही ग, मीच उभी होते त्याच्यावर. तिने दुसरीला बोलावलं. माझ्या उजव्या तळव्यावर ठसठशीत जांभळ्या शाईत 'रद्द'. त्यांच्याच दवाखान्यातल्यासारखी शाई, त्यांच्याच वळणाचं अक्षर. आणि त्या दवाखान्यात शिस्त अशी की शिक्का बसला म्हणजे बसला, कोणी मारला हे विचारायचं नाही. कागदावर बसायचा तो ह्या वेळी थेट पेशंटवर बसला, एवढंच. त्यांनी गाडी आणली, मला उचललं, आणि मी टेबलावरून पुन्हा दाराकडे निघाले!

मी जी ओरडले म्हणतेस! दाबदादांपुढे ओरडले ते काहीच नव्हे. दाराबाहेर हे होते, त्यांनी गाडी अडवली. नर्सने ह्यांना माझा तळवा दाखवला. तर हा माणूस चष्मा पुसून वाकला आणि म्हणाला, हा न नेलेल्यातला आहे, ह्याची कड जरा गेली आहे. मी म्हटलं, अहो, कड मरू दे, मला आत न्या! तेवढ्यात डॉक्टरीणबाई हात धुऊन आल्या. काय प्रकार म्हणून विचारलं, तर सगळे एकदम बोलायला लागले, शिक्के, फळी, यकृत, मास्तरांची छत्री सगळं निघालं. बाईंनी दोन्ही हात वर धरलेले (धुतलेले हात खाली करायचे नसतात), तशाच वाकल्या आणि माझा डावा तळवा बघितला. तिथे 'मंजूर'. मग नर्सला विचारलं, डोळा कुठला? डावा. पाय कुठला? डावा. मग घ्या आत, म्हणाल्या, उजव्या डोळ्याचं उजव्या पायाला विचारू.

आणि झालं ग. वीस मिनिटांत झालं. ह्यांच्या फळीने दाब उतरवला आणि ह्यांच्याच फळीने मंजुरी दिली. घरी आल्यापासून हे असे चालतात, जसं ऑपरेशन ह्यांनीच केलं. गल्लीत चौघांनी फळीची चौकशी केली, मास्तर सोडून. सूनबाईचं झाडही तेवढ्याच दिवसांत ताठ उभं राहिलं, नवी पानं आली, आता खिडकी लागत नाही. हे म्हणतात, फळीचे हादरे गेले असतील. दाबदादा म्हणतात, मी देठ दाबला होता. सूनबाई म्हणते, माती बदलली म्हणून. मी काही म्हणत नाही.

तर मुद्दा असा की तुझा दाबही माझ्यासारखाच, एकाच महिन्यात निघालेला. म्हणून ह्यांनी तुझ्यासाठी दुसरी फळी केली आहे, तुझ्या पावलाच्या मापाची. पार्सल निघालं आहे. शाई धुऊन काढली आहे, तरी पाय कोरडे करून चढ. सगळ्यांना माझे आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझी,
ताई

ता. क. फळीचे नियम लिहायचे राहिले. फळी मोरीपासून, खिडकीपासून आणि दारापासून लांब ठेवायची. आधी फळीवर चढायचं, मग गोळी हातात घ्यायची, आणि ती लेकासमोर गिळायची. गोळीशिवाय फळी चालत नाही. आ करून दाखवायला लाजू नकोस.

ता. क. दुसरा. नवा डोळा आल्यावर मी दाबदादांचा तक्ता नीट बघितला. खाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे, ती फळी करताना ह्यांच्या पट्टीखाली झाकली गेली असणार. लिहिलं आहे की 'हे चित्र उभ्या माणसाच्या पायाखाली आहे असे समजून पाहावे. उलट करू नये.' आणि ह्यांनी सवयीने केलं उलटं. म्हणजे इतके दिवस मी हृदय म्हणून यकृत दाबलं आणि यकृत म्हणून हृदय. ह्यांना सांगू नकोस. तुझी फळीही उलटीच आहे, तीही तशीच राहू दे. सहा वर्षांनी हा माणूस सकाळी शीळ घालत उठतो.

ता. क. तिसरा, आणि हा वाचून पत्र फाडून टाक. तुझी जुनी पत्रं मी परवा काढून माझी मी वाचली. त्यात तू लिहिलं आहेस, दारातला गुलाब वाळत चालला, माळ्याने माती बदलली, खत घातलं, तरी मान वर करत नाही. सूनबाईने वाचलं तेव्हा मी नुसतं 'अगं बाई' म्हटलं होतं. स्वतःच्या डोळ्याने वाचलं तेव्हा लख्ख कळलं. बुटके, चार वर्षांपूर्वी गच्चीवर बसून ती युक्ती मीच तुला शिकवली ना? गोळी तोंडात धरायची, पाणी प्यायचं, आणि कोणी वळलं की कुंडीत. आपण दोघी किती हसलो होतो. आपल्याला काय झालंय, म्हणत होतो. मला फळीवरून कुंडीपर्यंत जाता येईना म्हणून मी गोळी गिळली, दुसरं काही नाही. परवा मी ह्यांना सहज विचारलं, अहो, खिडकीत उजेड असतो, फळी तिथे का नाही ठेवली? पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, तिथे कुंडी आहे. आणि पान उलटलं. उलटं वाचणाऱ्या माणसाला किती सुलटं दिसतं, कोणास ठाऊक.

मोठी मी, चूकही माझी. आता ऐक. गुलाबाला काही झालेलं नाही, त्याला खत नको. त्याच्या गोळ्या बंद कर आणि तू घे. घेतेस की नाही ते मला लिहू नकोस, तू खोटं लिहितेस. गुलाबाने मान उचलली का, तेवढं फक्त कळव.